डिजिटल कवळी की जुन्या पद्धतीची? आधी बाबांचा खालचा जबडा काय म्हणतो ते बघा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण पहिल्या वाचनात माझंही लक्ष 'डिजिटल' या शब्दावरच अडकलं. मला समजलं ते असं: बाबा ७४ वर्षांचे, मधुमेह आहे पण गोळ्यांवर आटोक्यात. ११ वर्षांपूर्वी वरची आणि खालची अशी पूर्ण कवळी केली होती. वरची अजून बरी बसते, खालची मात्र जेवताना उचलते, म्हणून हल्ली ते ती रुमालात गुंडाळून खिशात ठेवतात. दादरच्या डॉक्टरांनी नेहमीच्या पद्धतीने करू म्हणून सांगितलं, पाच-सहा फेऱ्या. अंधेरीच्या एका क्लिनिकने डिजिटल सांगितलं, दोन फेऱ्या, 'कॉम्प्युटरवर बनते त्यामुळे फिटिंगची शंभर टक्के गॅरंटी', आणि पैसे जवळजवळ तिप्पट. तुम्ही डोंबिवलीला राहता, प्रत्येक फेरीला तुम्हाला रजा टाकावी लागते. आणि बाबांचा स्वतःचा प्रश्न एकच आहे: भाकरी आणि सुके बोंबील पुन्हा खाता येतील का?

मी प्रोस्थोडॉन्टिस्ट आहे, म्हणजे कवळ्या, कॅप, ब्रिज हेच माझं काम. परळला २६ वर्षं दवाखाना आहे. हाताने केलेल्या कवळ्यांची मोजदाद ठेवलेली नाही. गेली सहा-सात वर्षं डिजिटलही करतो. त्यामुळे मला कुणा एका बाजूची वकिली करायची नाही, पण मत आहे आणि ते सांगणार आहे.

बाबांची खरी अडचण कवळी कशाने बनवायची ही नाहीच. अडचण खालच्या जबड्याची आहे. दात काढले की ज्या हाडात ते रोवलेले असतात त्या हाडाला काम उरत नाही आणि ते झिजू लागतं. पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त, नंतर सावकाश, पण थांबत कधीच नाही. टालग्रेन या संशोधकांनी १९७२ साली कवळी वापरणाऱ्यांचा २५ वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या साधारण चौपट निघाली होती. दवाखान्यात आम्ही रोज तेच बघतो. वरच्या कवळीला अख्खी टाळू मिळते. टाळू आणि कवळी यांच्यामध्ये लाळेचा पातळ थर असतो, कडा चहूबाजूंनी बंद असतात, त्यामुळे ती ओल्या काचेवर दुसरी काच चिकटावी तशी धरून राहते. खालची कवळी घोड्याच्या नालेसारखी, तिला बसायला वरच्याच्या जेमतेम निम्मी जागा, आणि मधोमध जीभ, जी दिवसभर गप्प बसत नाही. वरची कवळी चिकटते, खालची तोलून धरावी लागते. कुठलंही मशीन हा फरक मिटवू शकत नाही.

आता ११ वर्षांत काय झालं असेल? खालचं हाड खाली गेलं, कवळीच्या आत पोकळी झाली. कवळीचे दातही घासून सपाट झाले असणार. हाड खाली गेलं आणि दात झिजले की जबडा मिटताना नको तेवढा वर जातो. घरी एक गोष्ट बघा. कवळी घालून तोंड मिटल्यावर बाबांची हनुवटी नाकाकडे सरकल्यासारखी दिसते का? ओठांचे कोपरे ओले राहून चिरतात का? तसं असेल तर नवी कवळी करताना बाईटची उंची, म्हणजे दात मिटल्यावर दोन्ही जबड्यांत राहणारं अंतर, वाढवावी लागेल, आणि ते काम डॉक्टरच्या नजरेचं आणि अनुभवाचं आहे. सॉफ्टवेअरला ती उंची आपण सांगायची असते, ती त्याला आपोआप कळत नाही.

काही गोष्टी मी तोंड न बघता सांगू शकत नाही. खालच्या हाडाचा उंचवटा किती उरलाय, त्यावरची हिरडी घट्ट आहे की बोटाने हलते, लाळ पुरेशी आहे का (मधुमेहात आणि बऱ्याच गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं आणि कोरड्या तोंडात कवळी धरत नाही), टाळूवर लाल चट्टा म्हणजे बुरशी आहे का, आत एखादं मूळ राहून गेलंय का. शेवटच्यासाठी मोठा एक्स-रे, ओपीजी, काढायलाच हवा. माझ्याकडे आलेल्या एका आजींच्या हिरडीत २० वर्षांपूर्वीचं मूळ सापडलं होतं आणि तोवर त्यांच्या तीन कवळ्या 'टोचतात' म्हणून कपाटात गेल्या होत्या. बुरशी असेल तर आधी ती बरी करायची, जुनी कवळी रात्री काढून ठेवायला लावायची, मग माप घ्यायचं. सुजलेल्या हिरडीचं माप कितीही भारी स्कॅनरने घेतलं तरी ते सुजेचंच माप.

आता पद्धतींकडे येतो. जुनी पद्धत आधी, कारण ती कळल्याशिवाय नवीमध्ये नेमकं काय बदललं ते कळत नाही.

पहिल्या फेरीत अल्जिनेटने, म्हणजे पाण्यात कालवली की घट्ट होणाऱ्या पावडरीने, ढोबळ माप घेतात. त्यावरून प्लॅस्टरचा साचा, आणि साच्यावर त्या माणसापुरता खास ट्रे. दुसऱ्या फेरीत खरी कसोटी. ट्रेच्या कडांना गरम केल्यावर मऊ होणारी हिरवी कांडी लावायची आणि ती तोंडात असतानाच गाल ओढायचे, ओठ हलवायचे, पेशंटला जीभ बाहेर काढायला, डावीकडे-उजवीकडे फिरवायला, गिळायला सांगायचं. गालाचे, ओठाचे, जिभेखालचे स्नायू हलताना जिथवर येतात तिथवरच कवळीची कड जायला हवी. एक मिलिमीटर लांब झाली तर प्रत्येक जांभईला कवळी उचलणार, आखूड राहिली तर हवा शिरून धरच जाणार. या कामाला आम्ही बॉर्डर मोल्डिंग म्हणतो. खालच्या कवळीचं नशीब या १५-२० मिनिटांत ठरतं असं माझं मत आहे. मग त्याच ट्रेत पातळ पेस्ट घालून शेवटचं माप.

तिसऱ्या फेरीत मेणाच्या पट्ट्यांवर बाईट. जबडा सैल सोडलेला असताना वरच्या-खालच्या दातांत साधारण २ ते ४ मिलिमीटर फट राहायला हवी. ती ठेवली नाही तर दात सारखे एकमेकांवर आपटतात आणि दिवसभर हिरडी ठणकते. चौथ्या फेरीत मेणात बसवलेले दात तोंडात घालून ट्रायल. पाचव्या फेरीत तयार कवळी. त्यानंतर टोचतंय, लागतंय म्हणून दोन-तीन चकरा ठरलेल्या. दादरच्या डॉक्टरांनी पाच-सहा सांगितल्या ते खरं आहे, ते तुम्हाला उगाच घोळवत नाहीयेत.

मधला लॅबचा भाग पेशंटला दिसत नाही, पण पारंपरिक पद्धतीचा कच्चा दुवा तिथेच आहे. मेणातली कवळी फ्लास्क नावाच्या धातूच्या डब्यात प्लॅस्टरमध्ये पुरतात, गरम पाण्याने मेण वाहून जातं, त्या पोकळीत कवळीच्या प्लॅस्टिकची, म्हणजे अ‍ॅक्रिलिकची पावडर आणि द्रव मिसळून केलेला गोळा दाबून भरतात आणि गरम पाण्यात शिजवतात. ७४ अंश सेल्सिअसला आठ-नऊ तास, किंवा घाई असेल तर ७४ ला दीड-दोन तास आणि मग १०० ला एक तास. शिजताना अ‍ॅक्रिलिक आकसतं. नेहमीच्या मिश्रणाचं आकारमान साधारण ६-७ टक्क्यांनी कमी होतं. त्याचा परिणाम वरच्या कवळीच्या मागच्या कडेला दिसतो, तिथे टाळूपासून बारीकशी फट पडते. म्हणून चांगला डॉक्टर साच्यावर त्या जागी आधीच खाच कोरून ठेवतो. फ्लास्क पूर्ण गार व्हायच्या आत उघडला तर कवळी वाकते, तेही डोळ्यांना न दिसेल इतकी.

एकदा गणपतीच्या आठवड्यात असंच झालं. आठ पेशंट 'मोदक खायला कवळी हवीच' म्हणून मागे लागलेले, आणि तेव्हाच्या माझ्या लॅबमध्ये फ्लास्कची रांग. एक कवळी गरमागरम उघडली गेली. ट्रायलला अप्रतिम बसलेली कवळी चतुर्थीच्या आदल्या दिवशी तोंडात डगडगत होती. चूक लॅबची, पण घाई माझीच होती. त्या काकांनी मोदक चमच्याने खाल्ले आणि मला अजून ऐकवतात. त्यातच मुंबईचा पावसाळा. प्लॅस्टरच्या आणि अल्जिनेटच्या डब्याचं झाकण नीट लागलं नाही तर दमट हवेने पावडर खराब होते आणि माप वेड्यासारखं वागतं. माप घेतलं की अर्ध्या तासाच्या आत त्यात प्लॅस्टर ओतलं गेलंच पाहिजे. लॅबचा मुलगा पाणी भरल्यामुळे लोकलमध्ये अडकला आणि माप डब्यात पडून राहिलं, तर ते माप गेलं समजायचं.

डिजिटलने हा सगळा मधला भाग बदलून टाकला. तसं पाहिलं तर कल्पना जुनी आहे, जपानमध्ये माएदा आणि सहकाऱ्यांनी १९९४ सालीच कॉम्प्युटरच्या मदतीने कवळी करून दाखवली होती. रोजच्या वापरात ती गेल्या दहा-पंधरा वर्षांत आली. पण 'डिजिटल' हा एकच शब्द तीन वेगळ्या कामांना लावतात, आणि तुमचा गोंधळ बहुधा तिथेच आहे. माप घेणं, कवळीची रचना करणं आणि ती घडवणं, यांतलं कुठलंही एक किंवा तिन्ही डिजिटल असू शकतात.

रचना आणि घडण यांत डिजिटलचा फायदा उघड आहे. मापाच्या बाबतीत मी सावध आहे. तोंडात फिरवायचा स्कॅनर दात असलेल्या तोंडात झकास चालतो. बिनदाताच्या तोंडात सगळं गुलाबी, ओलं, चकचकीत आणि हलणारं. कॅमेऱ्याला खूण पटवायला काही नसतं. वरची टाळू तरी जमते. खाली जीभ मध्ये येते, लाळ साचते. आणि मुख्य म्हणजे स्कॅनर हिरडी जशी पडलीय तशी टिपतो, गाल आणि जीभ हलताना कड कुठवर येते ते त्याला कळत नाही. सहा वर्षांपूर्वी नव्या स्कॅनरच्या उत्साहात मी एका बाईंची खालची कवळी फक्त स्कॅनवर केली होती. पडद्यावर इतकी देखणी की मी स्क्रीनशॉट काढून मित्रांना पाठवले. तोंडात घातली आणि त्या 'आ' करायच्या आत कवळी माझ्या हातात. जिभेखालच्या बाजूच्या सगळ्या कडा चुकल्या होत्या. पुन्हा हिरवी कांडी काढली, हाताने माप घेतलं, ते माप टेबलावरच्या स्कॅनरमध्ये घातलं आणि पुढचं काम मशीनवर केलं. ती कवळी त्या अजून वापरतात. तेव्हापासून माझ्याकडे माप हाताने आणि घडण मशीनने, असंच चालतं. काही ठिकाणी, म्हणजे ट्रे तोंडात जाताच ज्यांना उलटी येते किंवा ज्यांचं तोंडच कमी उघडतं अशांच्या वरच्या जबड्यासाठी, मी तोंडात स्कॅन करतो आणि तिथे तो देवासारखा धावून येतो.

घडणीचे दोन प्रकार आहेत आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिला मिलिंग. कारखान्यात प्रचंड दाबाखाली आधीच पूर्ण शिजवलेल्या अ‍ॅक्रिलिकची जाड चकती येते, साधारण ९८ मिलिमीटर व्यासाची. मशीन तिच्यातून कवळी कोरून काढतं. आकसायचं ते चकती बनतानाच आकसून झालेलं असतं, त्यामुळे कोरलेली कवळी मापाला तंतोतंत येते. आत हवेचे फुगे नसतात, उरलेला द्रव अगदी कमी असतो (ज्यांच्या तोंडात अ‍ॅक्रिलिकने आग होते त्यांना हे मोठं सुख), आणि ती सहज मोडत नाही. वरच्या कवळीची पकड यात खरोखर वाढते, पेशंट काढायला गेला की 'टक्' आवाज येतो. दुसरा प्रिंटिंग. पातळ रेझिनवर, म्हणजे प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रव प्लॅस्टिकवर, प्रकाश टाकून ५० ते १०० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर एकावर एक चढवतात, मग धुऊन, पुन्हा प्रकाशात कडक करतात. लवकर होते, माल वाया जात नाही, स्वस्तही पडते. पण ताकद मिलिंगपेक्षा कमी. धुणं आणि कडक करणं नीट झालं नाही तर रेझिन अर्धवट कच्चं राहतं. शिवाय आपल्या जेवणातली हळद आणि दिवसाला चार चहा, यांनी ती लवकर रंग धरते असा माझा अनुभव आहे. ट्रायलसाठी, तात्पुरत्या किंवा जादा कवळीसाठी प्रिंटिंग उत्तम. रोज भाकरी चावायच्या कवळीसाठी मी आजच्या घडीला मिलिंगच घेतो. दोन-चार वर्षांनी कदाचित वेगळं म्हणेन, रेझिन झपाट्याने सुधारताहेत.

तेव्हा अंधेरीच्या क्लिनिकला पहिला प्रश्न हा विचारा: मिलिंग की प्रिंटिंग? तिप्पट पैशांत प्रिंट केलेली कवळी मिळत असेल तर माझ्या मते तो सौदा नाही. दुसरा प्रश्न: खालच्या कवळीचं माप कसं घेणार, कडांचं मोल्डिंग करणार का? आणि तिसरा: तयार कवळीआधी ट्रायल आहे का? दोन फेऱ्यांत म्हणजे बहुतेक ट्रायल गाळलेली असते. ट्रायल गाळून कवळी करता येते, पण ७४ वर्षांच्या, बाईट खचलेल्या माणसासाठी मी ती गाळणार नाही.

ट्रायलबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण जुन्या पद्धतीची खरी श्रीमंती तिथे आहे. मेणातला दात गरम चमच्याने मी पेशंटच्या समोर हलवू शकतो. आजी आरशात बघून म्हणतात, 'माझा हा दात जरा तिरका होता हो', की मी तो तिथल्या तिथे तिरका करतो. सून म्हणते हसताना हिरडी फार दिसते, वर सरकवतो. डिजिटलमध्ये प्रिंट केलेली पांढरी ट्रायल येते. ती घासता येते, तिला मेण लावता येतं, पण एकेक दात असा खेळवता येत नाही, बदल पुन्हा फाइलमध्ये करावा लागतो.

आणि बोलणं. पुस्तकांतल्या चाचण्या इंग्रजी उच्चारांच्या, त्या मराठी माणसाला पुरत नाहीत. मी 'साठ, एकसष्ट, बासष्ट' मोजायला लावतो, त्यात 'स' कळतो आणि बाईट उंच झाला असेल तर दात खटखट वाजतात. 'वावर', 'विहीर' म्हणताना वरचे पुढचे दात खालच्या ओठाला हलकेच शिवायला हवेत. आणि आपला खास 'च', 'चमचा'मधला, 'चहा'मधला नव्हे. त्याला जीभ वरच्या पुढच्या दातांच्या मागे टेकते. तिथे कवळी जाड झाली तर 'चमचा' बोबडा येतो आणि पेशंटला नुसतं वाटत राहतं की काहीतरी बिनसलंय. डॉक्टर बाबांना ट्रायल घालून नुसतं आरशात बघायला न सांगता पाच मिनिटं बोलतं करत असेल तर तो माणूस चांगला, मग त्याच्याकडे मशीन असो वा नसो.

इथवरचं एका दमात: मिलिंगने लॅबमधल्या चुका खूप कमी होतात, तोंडातल्या कामाला पर्याय नाही, आणि खालची कवळी मुख्यतः तोंडातल्या कामावर बसते.

आता तुमच्या बाबांसाठी मी काय करेन ते सांगतो. तुमच्या प्रश्नातला एक तपशील मला फार मोलाचा वाटला, की ११ वर्षांपूर्वीची कवळी त्यांना सुरुवातीची सात-आठ वर्षं छान चालली होती. म्हणजे त्यांची जीभ, गाल, ओठ त्या दातांच्या जागेला सरावलेत. या वयात नवी सवय लावणं सोपं नसतं. अशा वेळी अगदी कोऱ्या पाटीपासून सुरुवात करण्यापेक्षा जुन्या कवळीलाच नकाशा मानावं. पहिल्या फेरीत त्यांची जुनी कवळी स्वच्छ करून, कडा हिरव्या कांडीने सुधारून, तिच्या आतच माप घ्यायचं. बाईट खचला असेल तर मेणाच्या थराने योग्य तेवढा वाढवून तोही नोंदवायचा. मग कवळी आतून-बाहेरून स्कॅन करायची, माप काढून टाकायचं आणि कवळी त्याच दिवशी बाबांना परत. हा डिजिटलचा असा फायदा आहे ज्याची जाहिरात कुणी फारशी करत नाही. जुन्या पद्धतीत कवळी लॅबला पाठवावी लागते आणि माणूस दोन-तीन दिवस बोळक्या तोंडाने घरात बसतो. दुसऱ्या फेरीत प्रिंट केलेली ट्रायल: बाईट, बोलणं, दिसणं. तिसऱ्या फेरीत मिलिंग केलेली कवळी. झिजलेले दात नवे, कडा नव्या, पण दातांची जागा ओळखीची. नंतर एक-दोन चकरा घासून देण्यासाठी लागतील, त्या कुणालाही चुकत नाहीत.

म्हणजे पाच-सहाच्या तीन फेऱ्या झाल्या. डोंबिवलीहून ज्येष्ठ माणसाला घेऊन येणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. दर फेरीची तुमची रजा, रिक्षा, टॅक्सी, बाबांचा शीण, हे सगळं धरलं तर तिप्पट दिसणारा आकडा तिप्पट राहत नाही. माझ्याकडे मिलिंगची कवळी साध्या कवळीच्या दुपटीच्या आसपास पडते. अंथरुणाला खिळलेला पेशंट असेल, किंवा लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणारा, तर मी डोळे मिटून डिजिटल सांगतो. बाबा चालते-फिरते असतील आणि पैशांची ओढाताण असेल, तर दादरच्या डॉक्टरांकडे जायला माझी काहीही हरकत नाही. नीट केलेली हाताची कवळी वाईट स्कॅनवरच्या डिजिटल कवळीपेक्षा शंभर पटींनी बरी.

पैशांचा प्रश्न फारच असेल तर मुंबई सेंट्रलचं नायर हॉस्पिटल डेंटल कॉलेज किंवा सीएसएमटीजवळचं सरकारी डेंटल कॉलेज आहे. फी अगदी कमी. विद्यार्थी करतात, म्हणून लोक नाक मुरडतात, पण तिथे प्रत्येक पायरीवर शिक्षक तपासून सही करतात, खाजगीत माझं काम कुणी तपासत नाही. फेऱ्या मात्र जास्त होतील आणि सकाळचा वेळ काढावा लागेल.

फाइल जपून ठेवता येते हा डिजिटलचा आणखी एक गुण. कशेडी घाटात एसटीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढून उलटी करताना कवळी गमावणारे माझ्या हिशेबात आतापर्यंत तिघे झाले. ऑपरेशनआधी काढून टिश्यूत गुंडाळलेली कवळी कचऱ्यात जाणं तर नेहमीचंच. फाइल असेल तर दोन-तीन दिवसांत तशीच्या तशी दुसरी निघते. फाइल तुमच्या नावाने किती वर्षं ठेवणार आणि डॉक्टर बदलला तर देणार का, हे आधीच विचारून घ्या. दुरुस्तीचं उलटं आहे. अ‍ॅक्रिलिकची कवळी, हाताची असो वा मिलिंगची, मोडली तर गल्लीतली लॅबही तासाभरात सांधून देते, पुढे सैल झाली तर आतून अस्तरही सहज चढतं. प्रिंट केलेल्या रेझिनवर अ‍ॅक्रिलिक तितकं घट्ट धरत नाही, त्याला वेगळी तयारी लागते.

शेवटी बोंबील. इथे मला सरळ बोलायला हवं. पूर्ण कवळीने चावण्याचा जोर खऱ्या दातांच्या पाव भागाच्या वर क्वचितच जातो. ताजी ज्वारीची किंवा तांदळाची भाकरी कालवणात बुडवून, नक्की. बोंबील भाजून कडक खायचे दिवस गेले, पण भिजवून कालवणात घातलेले जमतील. पेरूच्या बिया आणि तीळ कवळीखाली जाऊन प्राण काढतात, ते सगळ्यांनाच. पहिले पंधरा दिवस मऊ भात, उपमा, घास लहान, आणि घास दोन्ही बाजूंना वाटून चावायचा. पुढच्या दातांनी तोडायचं नाही, मागून कवळी उचलते.

यापेक्षा जास्त हवं असेल, म्हणजे खालची कवळी खरोखर जागेवर हवी असेल, तर खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला दोन इम्प्लांट (हाडात बसवायचे स्क्रू) आणि त्यांना बटणासारखी अडकणारी कवळी. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात २००२ साली तज्ज्ञ जमले होते, तेव्हाच त्यांनी बिनदाताच्या खालच्या जबड्यासाठी हा पहिला पर्याय मानावा असं म्हटलं होतं. साखर आटोक्यात असेल तर ७४ हे वय आड येत नाही. हाड किती आहे ते स्कॅनवर बघावं लागेल आणि हाडांच्या ठिसूळपणाच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू असतील तर आधी सांगावं लागेल. अंधेरीच्या बजेटमध्ये थोडी भर घातली की कदाचित इम्प्लांट आणि साधी हाताची कवळी बसेल. मला कुणी विचारलं की जादा पैसे मशीनवर घालू की दोन इम्प्लांटवर, तर खालच्या जबड्यासाठी मी इम्प्लांट सांगतो. तुमच्या दोन्ही डॉक्टरांनी हा विषय काढलाच नाही याचं मला आश्चर्य वाटलं.

दोघांपैकी कुणाकडेही गेलात तरी जुनी कवळी सोबत न्या, तीही रुमालात कोरडी नको, छोट्या डब्यात पाणी घालून. अकरा वर्षांपूर्वी खऱ्या दातांनिशी काढलेला बाबांचा एखादा हसरा फोटो, लग्नातला वगैरे, सापडला तर तोही घ्या. आणि चालू असलेल्या गोळ्यांची सगळी पाकिटं.